गरम झाल्यावर आयडलला मिसिंग मारणारी जुनी पेट्रोल जीप : दोष कोणत्या क्रमाने शोधावा

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे ते स्पष्ट होईल. चिपळूणला आपल्याकडे वडिलांच्या काळापासूनची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे आणि तिच्यात मूळचे चार सिलिंडरचे हरिकेन पेट्रोल इंजिन अजून टिकून आहे. सकाळी चोक ओढून सुरू केली की ती व्यवस्थित चालते. पण इंजिन तापले आणि चोक आत ढकलला की आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, मिसिंग सुरू होते (मधूनमधून एखाद्या सिलिंडरचा स्फोट चुकतो), गाडी थरथरते आणि कुठे उभी राहिली की बंद पडते. रेस दिली की मिसिंग जाते, रस्त्यावर पळताना काही तक्रार नाही, आणि उभ्या गाडीत चोक किंचित ओढून ठेवला तरी इंजिन शांत होते. कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ झाला, प्लग नवे पडले, आणि शेवटी मेकॅनिकने स्पीडचा स्क्रू आत घेऊन आयडल वाढवून दिला. आता गाडी बंद पडत नाही, पण पहिला गिअर टाकताना खरखर होते. दोष कुठे आहे, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा यात काही हात आहे का, आणि सरळ नवा कार्ब्युरेटर बसवावा का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

माझे मत प्रथम सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. आपल्या इंजिनाला आयडलला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे, आणि ती जास्तीची हवा बहुधा कार्ब्युरेटरच्या आतल्या दोषामुळे नव्हे, तर त्याच्या खालून किंवा थ्रॉटल शाफ्टच्या (हवा कमीजास्त करणारी चकती जिच्यावर फिरते त्या दांडीच्या) कडेने आत शिरत आहे. तथापि हे मत आपण लिहिलेल्या लक्षणांवरून बनवलेले आहे, आणि ते तपासून घेतल्याशिवाय एकही स्क्रू हलवू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आयडलच्या तक्रारीत सर्वांत जास्त नुकसान होते ते दोष कळण्याआधीच केलेल्या ट्यूनिंगमुळे, कारण त्यानंतर मूळ दोष आणि बिघडलेली सेटिंग एकमेकांत मिसळतात आणि पुढच्या माणसाला काहीच वेगळे दिसत नाही.

आयडलला इंजिन इतके नाजूक का होते हे समजून घेतले तर पुढचे सारे सोपे जाते. त्या वेळी थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, तिच्या कडेने अगदी थोडी हवा जाते, आणि त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल देण्याचे काम मुख्य जेट नव्हे तर आयडलचा वेगळा, केसासारखा बारीक मार्ग करतो. पॅकिंगच्या फटीतून जेवढी हवा गळते तेवढीच रस्त्यावर पळतानाही गळत असते. पण तेव्हा इंजिन इतकी हवा ओढत असते की ही गळती हिशेबातही येत नाही. आयडलला मात्र तीच गळती एकूण हवेचा मोठा वाटा होऊन बसते. म्हणून ‘पळताना गाडी उत्तम आहे’ या निरीक्षणाने दोष नाही असे सिद्ध होत नाही. दोष प्रमाणाने लहान आहे एवढेच कळते. एखाद्या झडपेची थोडी गळती, पॉइंटमधला (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांमधला) थोडा फरक किंवा प्लगच्या एखाद्या वायरमधला कमकुवतपणा यांनाही हेच लागू पडते, आणि त्यामुळेच ही सर्व कारणे गाडीत बसलेल्या माणसाला एकसारखीच जाणवतात.

चोक ओढल्यावर सुधारणा होते हा आपल्या पत्रातला सर्वांत मौल्यवान तपशील आहे, पण तो एका अटीवर. बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये चोकची कांडी थ्रॉटललाही थोडी उघडते. त्यामुळे सुधारणा जास्त पेट्रोलमुळे झाली की केवळ वेग वाढल्यामुळे, हे चोकवरून ठरत नाही. यासाठी इंजिन पूर्ण तापवून, एअर क्लीनरची नळी काढून, चोक पूर्ण आत ठेवून, कार्ब्युरेटरचे तोंड जाड पुठ्ठ्याने हळूहळू अर्ध्याहून थोडे अधिक झाकावे. थ्रॉटलला हात लावायचा नाही. झाकताना इंजिनाचा वेग वाढला आणि मिसिंग कमी झाले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे, हे पक्के झाले. झाकताच इंजिन गुदमरून खाली बसू लागले तर मिश्रण आधीच जाड आहे किंवा दोष पेट्रोल-हवेचा नाहीच, आणि मग माझे वरचे मत बाजूला ठेवून शोध ठिणगीकडे वळवावा. कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर कमजोर होत असला तरी ‘थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बिघाड’ हेच लक्षण दिसते; त्याला पुठ्ठ्याने फरक पडत नाही, एवढाच काय तो भेद.

काही गोष्टी मला येथे बसून ठरवता येणार नाहीत. मूळ अमेरिकी आराखड्यात या इंजिनावर कार्टर कंपनीचा वायएफ प्रकारचा कार्ब्युरेटर होता, पण माझ्याकडे येणाऱ्या जीपपैकी कित्येकींवर तो काढून सोलेक्स बसवलेला असतो, आणि त्यासाठी मध्ये एखादी घरगुती बनावटीची जोडपट्टी घातलेली असते. तशी पट्टी असेल तर ती संशयितांत पहिली धरावी. ब्रेकसाठी नंतर व्हॅक्यूम बूस्टर बसवला असेल तर गळतीची जागा आणखी एक वाढते. वायपर मूळचे व्हॅक्यूमवर चालणारे आहेत की विजेवरचे बसवून घेतले आहेत, हेही पाहायला हवे. आणि इंजिनाचे माउंटिंग रबर दबून कडक झाले असतील तर अगदी निरोगी इंजिनही आयडलला सगळी बॉडी हलवते. बॉनेट उघडून आवाज ऐकल्याशिवाय केवळ थरथरीवरून मिसिंग आहे असे धरू नये.

आता क्रम. मी प्रथम चारही सिलिंडर सारखे काम करतात का ते पाहतो, मग ठिणगी, मग हवेची गळती, आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. गॅरेजमध्ये हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो, कारण कार्ब्युरेटर वरच असतो आणि चार नट काढले की हातात येतो. पण एखादा सिलिंडर अशक्त असताना मिश्रण लावले तर ते चुकीच्या इंजिनासाठी लावल्यासारखे होते. झडप दुरुस्त झाली की ते पुन्हा बिघडते.

सिलिंडरची तुलना करायला फार साधने लागत नाहीत. गरम इंजिन आयडलला ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी आणि तिचे टोक इंजिनाच्या धातूशी टेकवून ठेवावे, म्हणजे कॉइलवर ताण येत नाही आणि हातालाही झटका बसत नाही. प्रत्येक वायर काढताना इंजिनाचा वेग सारखाच पडला तर चारही सिलिंडर सारखेच चांगले किंवा सारखेच आजारी आहेत, म्हणजे दोष सर्वांना मिळून आहे. एखादी वायर काढूनही काहीच फरक पडला नाही तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे. या इंजिनात ही चाचणी विशेष उपयोगी ठरते, कारण हरिकेनचा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा बोल्टने लावलेला नसून हेडच्या ओतकामातच घडवलेला आहे आणि कार्ब्युरेटर सरळ हेडवर बसतो. इतर अनेक इंजिनांत मॅनिफोल्डचे पॅकिंग एका सिलिंडरपाशी फुटून फक्त तिथे हवा ओढली जाते. येथे ते पॅकिंगच नाही. म्हणून आपल्या जीपमध्ये एकच सिलिंडर मंद असेल तर हवेची गळती शोधत बसू नये. प्लग, वायर, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण किंवा झडप, एवढ्यातच उत्तर असते. चारही सारखे मंद असतील तर गळती कार्ब्युरेटरच्या तळाशी, शाफ्टला किंवा व्हॅक्यूमच्या एखाद्या तोंडापाशी असते. ही एक चाचणी निम्मा शोध वाचवते.

एक सिलिंडर मंद निघाल्यास टॅपेटपासून, म्हणजे झडपांच्या अंतरापासून, सुरुवात करावी, आणि येथे हरिकेनची एक खास गोष्ट लक्षात ठेवावी. या इंजिनाच्या इनटेक झडपा वर हेडमध्ये आहेत, पण एक्झॉस्ट झडपा खाली ब्लॉकमध्ये आहेत. वरचे झाकण काढले की इनटेकचे रॉकर समोर दिसतात आणि त्यांचे अंतर सहज लावता येते. एक्झॉस्टचे टॅपेट मात्र ब्लॉकच्या कुशीतल्या वेगळ्या झाकणामागे असतात, तिथे हात नीट जात नाही, आणि त्यामुळे ‘टॅपेट केले’ असे सांगितलेल्या कित्येक जीपमध्ये एक्झॉस्टच्या टॅपेटना कुणी शिवलेलेच नसते. नियमावलीप्रमाणे थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच अंतर ठेवायचे असते. एक्झॉस्टची बैठक झिजत गेली की अंतर कमी होते, झडप पूर्ण मिटेनाशी होते, तिच्या कडेने गरम वायू निसटतो आणि ती जळू लागते. अंतर लावल्यावरही सिलिंडर मंद राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे. येथे आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा असतो. दर चौरस इंचाला दहा पौंडांच्या आत असेल तर काळजीचे कारण नाही. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर झडप गळते आहे. शेजारचे दोन, उदाहरणार्थ पहिला-दुसरा किंवा तिसरा-चौथा, एकदमच खाली असतील तर त्यांच्या मधोमध हेड गॅस्केट गेलेले असण्याचा संभव जास्त.

ठिणगीच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण पुठ्ठ्याच्या चाचणीत सुधारणा दिसली तर आपला दोष बहुधा येथे नाही. तरीही ही तपासणी वगळू नये. पॉइंटचे अंतर ०.०२० इंच असावे. ते लावल्यानंतरच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पाहावे, आधी नाही, कारण पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही सरकते. टायमिंग आयडलला पिस्टनच्या वरच्या बिंदूच्या ५ अंश आधी, आणि वायरींचा क्रम १-३-४-२. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्कोच्या, शाफ्टला बोटाने आडवे हलवून पाहावे. तो खुळखुळत असेल तर प्रत्येक फेरीला पॉइंटचे अंतर वेगळे पडते आणि टायमिंग लाइटखाली खूण एका जागी न राहता नाचताना दिसते. अशा शाफ्टवर कितीही नवे पॉइंट बसवले तरी आयडल स्थिर होत नाही. त्याचे बुशच बदलावे लागतात. कोकणातल्या दमट हवेत आणखी एक गोष्ट करावी : रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे. वायरींवर किंवा झाकणावर निळसर ठिणग्या धावताना दिसल्या तर त्या जुन्या वायरी आणि ते झाकण यांचे दिवस भरले आहेत असे समजावे.

आता ज्या भागावर माझा मुख्य संशय आहे तिकडे वळू. हवेची गळती शोधण्यासाठी काही जण पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या इतक्या जवळ ज्वालाग्राही द्रव फवारणे मला मुळीच मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्यावी आणि इंजिन आयडलला चालू असताना कार्ब्युरेटरच्या तळाच्या पॅकिंगच्या कडेवर बारीक फवारा मारावा. पाणी क्षणभर फट बुजवते. आवाज बदलला किंवा वेग हलला तर गळती तिथेच आहे. फवारा डेल्को आणि वायरींवर जाऊ देऊ नये, नाहीतर नवेच मिसिंग सुरू होऊन गोंधळ उडेल. थ्रॉटल शाफ्टच्या दोन्ही टोकांना मी पाण्याऐवजी छोट्या ब्रशने इंजिन ऑइल लावतो, कारण तिथली फट फिरत्या भागाची असते आणि तेल ती काही सेकंद नीट भरून ठेवते. तेल लावताच इंजिन सुधारले आणि थोड्या वेळाने पुन्हा बिघडले, की निदान झाले.

शाफ्टची झीज ओळखण्याची आणखी एक खूण आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडल्यावर इंजिन दर वेळी वेगवेगळ्या वेगावर येऊन थांबत असेल, कधी नीट, कधी बंद पडण्याच्या बेतात, तर शाफ्ट आपल्या भोकात दर वेळी वेगळ्या जागी बसतो आहे. पन्नास-साठ वर्षे उघडझाप झालेल्या कार्ब्युरेटरमध्ये हे होणारच. आणि कार्ब्युरेटर दोनदा साफ करूनही आपली तक्रार का गेली नाही याचेही हेच सरळ उत्तर असू शकते : साफ केल्याने जेट मोकळे होतात, झिजलेले भोक लहान होत नाही. यावर उपाय म्हणजे चांगल्या लेथवाल्याकडून भोक मोठे करून पितळी बुश बसवून घेणे आणि रीमरने ते शाफ्टच्या मापाचे करणे. चकती परत लावताना तिचे दोन स्क्रू सैल ठेवून चकती बंद करावी, ती स्वतःच मध्यावर बसू द्यावी, उजेडासमोर धरून कडेने सारखा प्रकाश येतो का ते पाहावे आणि मगच स्क्रू आवळून त्यांची टोके मागून ठोकून पक्की करावीत. यांतला एखादा स्क्रू सुटला तर तो थेट इंजिनात जातो.

तळाच्या पॅकिंगकडेही बारकाईने पाहावे. पेट्रोल गळू नये म्हणून कुणी ना कुणी कार्ब्युरेटरचे नट वर्षानुवर्षे जास्त आवळत आलेला असतो. त्यामुळे फ्लँजची दोन टोके खाली वाकतात आणि मधला भाग वर उचलला जातो. सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) जाते का ते पाहावे. वाक आढळल्यास जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज हलक्या हाताने आठाच्या आकड्यासारखी फिरवत सपाट करावी. वाकलेल्या फ्लँजखाली दुहेरी पॅकिंग आणि सिलिकॉन भरणे हा उपाय नव्हे. सिलिकॉन पेट्रोलने फुगते आणि त्याचे तुकडे सुटतात. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारे जाड पॅकिंग असते, ते काढून टाकलेले नाही याचीही खात्री करावी. ते नसेल तर फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातले) पेट्रोल तापून उकळते. पण त्याची तक्रार वेगळी असते : गरम गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू केली की पहिली काही मिनिटेच इंजिन अडखळते आणि मग सुधारते. आपली तक्रार सतत आहे, म्हणून तिकडे मी फार झुकत नाही.

यानंतर व्हॅक्यूमची सर्व तोंडे एकेक करून बंद करून पाहावीत : वायपरची नळी, बूस्टरची नळी, आणि विशेषतः क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये परत नेणाऱ्या झडपेची नळी. ही छोटी झडप घाणीने उघडीच अडकली तर ती कायमची मोठी गळती ठरते, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. नळी पक्कडीने चिमटली की निरोगी इंजिनाचा वेग किंचित पडतो; उलट इंजिन एकदम सुधारले तर झडप काढून थिनरने धुवावी. हलवल्यावर ती आतून खडखडली पाहिजे, नाहीतर बदलावी.

शक्य असल्यास व्हॅक्यूम गेज, म्हणजे इनटेकमधली ओढ मोजणारे काट्याचे मीटर, घ्यावे; त्याची किंमत एका व्यर्थ ओव्हरहॉलपेक्षा कमीच असते. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने निरोगी इंजिनात आयडलला काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर दिसावा. कुंभार्ली घाट चढून कराडच्या मेकॅनिकने तेच इंजिन मोजले तर आकडा सुमारे दोन इंच कमी येईल, कारण कराड साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. त्यात इंजिनाचा दोष नाही. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग. ठरावीक अंतराने एकच झटका खाली येत असेल तर जळलेली किंवा अडकणारी झडप. सावकाश वरखाली झुलत असेल तर मिश्रणाची चूक. आकड्यापेक्षा काट्याच्या हालचालीकडे लक्ष द्यावे.

एवढे सारे निर्दोष ठरले तरच कार्ब्युरेटर. यातली एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण मेकॅनिकने आयडल वाढवून दिल्याने नेमके काय झाले ते तिच्यातून कळते. आयडलचे पेट्रोल थ्रॉटलच्या चकतीखालच्या एका भोकातून येते आणि त्याच भोकावर मिश्रणाचा स्क्रू असतो. त्याच मार्गाचे दुसरे तोंड चकतीच्या कडेच्या किंचित वर असते. थ्रॉटल उघडू लागताच ते उघडे पडते आणि मुख्य जेट सुरू होईपर्यंत पेट्रोल पुरवते. स्पीडचा स्क्रू आत घेऊन चकती जास्त उघडून ठेवली की हे वरचे तोंड आयडललाच पेट्रोल देऊ लागते, आणि मग मिश्रणाच्या स्क्रूला काही अर्थ उरत नाही. इंजिन चालते, पण ते खऱ्या आयडलवर नसते. जीपच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी योजना) नसल्याने वाढलेल्या वेगावर दाते खरखरतात. आपण लिहिलेली ती तक्रार याच बदलातून आली आहे.

याची परीक्षा सोपी आहे. गरम इंजिनावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू पूर्ण आत घ्यावा. शेवटाला जोर लावू नये, नाहीतर त्याच्या टोकाला वळ पडतो आणि तो कायमचा निकामी होतो. स्क्रू बसण्याच्या आधीच इंजिन बंद पडायला हवे. स्क्रू पूर्ण आत जाऊनही इंजिन चालूच राहिले तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येते आहे : चकती जास्त उघडी आहे किंवा फ्लोटची पातळी जास्त आहे. उलट, स्क्रू तीन-चार फेरे बाहेर घेतल्यावरही मिसिंग सुधारतच नसेल, तर आयडलचा जेट किंवा त्याच्यापुढचा मार्ग चोंदलेला आहे, नाहीतर गळती इतकी मोठी आहे की स्क्रू तिला पुरा पडत नाही. कार्टर वायएफचा आयडल जेट लांब नळीसारखा असून त्याचे भोक फार बारीक असते. बाहेरून फवारलेले क्लीनर तिथवर पोहोचत नाही. तो काढून, भिजत ठेवून, कॉम्प्रेसरच्या हवेने मोकळा करावा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. पोलादी तार घालू नये. वायरीतला तांब्याचा एकच धागा चालेल.

इथेनॉलबद्दलचा आपला प्रश्न योग्यच आहे. वीस टक्क्यांचे मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत बहुतेक ठिकाणी तेच मिळू लागले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५ पट पुरते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. त्याचे जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे आहेत, त्यामुळे तेच मिश्रण आता सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. एवढ्याने एकट्याने निरोगी इंजिन मिसिंग मारणार नाही. पण शाफ्टच्या गळतीमुळे आधीच काठावर असलेले इंजिन त्या पलीकडे नक्कीच जाईल. तक्रार गेल्या दोन-तीन वर्षांतच वाढली असेल तर याचा वाटा आहे असे मी धरीन. गळती दुरुस्त झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू पूर्वीपेक्षा साधारण अर्धा फेरा जास्त बाहेर ठेवावा लागतो आणि तेवढ्यावर भागते. याखेरीज इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि जुने रबर मऊ करते. पावसाळाभर उभ्या असलेल्या जीपच्या फ्लोट चेंबरच्या तळाशी पाणी आणि पांढरट भुकटी सापडणे हे मी नेहमी पाहतो, आणि तीच भुकटी आयडलच्या मार्गात जाऊन बसते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत आणि गाडी महिनाभर चालणार नसेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवावा.

शेवटची सेटिंग करताना इंजिन पूर्ण तापलेले, चोक पूर्ण उघडा आणि एअर क्लीनर जागेवर असावा. आपल्या जीपचा क्लीनर तेलाचा असेल तर त्यातले तेल खुणेपर्यंतच असावे. जास्त भरलेले तेल हवा अडवते आणि सगळे माप चुकवते. मिश्रणाचा स्क्रू दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करावी, स्पीडचा स्क्रू मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांवर आणावा, मग मिश्रणाचा स्क्रू सावकाश आत घेत इंजिन अडखळू लागेल तिथपर्यंत जावे आणि तिथून पाव ते अर्धा फेरा बाहेर यावे. वेग वाढला तर स्पीडचा स्क्रू सैल करावा आणि पुन्हा मिश्रण पाहावे. दोन-तीन वेळा आलटून पालटून केले की दोन्ही स्क्रू आपापल्या जागी स्थिरावतात.

राहिला नव्या कार्ब्युरेटरचा प्रश्न. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकला मी शक्यतो बसवत नाही. त्यांचे जेट आपल्या इंजिनाच्या मापाचे असतीलच असे नाही आणि फ्लँज अनेकदा नवीनच वाकडी निघते. दुसऱ्या गाडीचा कार्ब्युरेटर जोडपट्टी घालून बसवणे म्हणजे गळतीला आणखी दोन पॅकिंग उपलब्ध करून देणे. आपला मूळ कार्ब्युरेटर फुटलेला नसेल आणि त्याच्या मिश्रण स्क्रूची बैठक शाबूत असेल, तर बुश बसवून तो दुरुस्त करण्यासारखा आहे. बैठकीला तडा गेला असेल किंवा शाफ्टभोवतीचा धातूच इतका खाल्ला गेला असेल की बुशला धरायला जागा नाही, तरच त्याच प्रकारचा जुना पण घट्ट शाफ्टचा कार्ब्युरेटर शोधावा, आणि विकत घेण्यापूर्वी दुकानातच शाफ्ट बोटाने हलवून पाहावा.